मागचा डावा

काका कुणाच्याही घरी होम थिएटर बसवायला गेले की आधी चपला दाराबाहेर नीट जोडीने काढायचे आणि आत येऊन विचारायचे, "हितं रोज कोण कुठं बसतं?"

लोक गोंधळायचे. खोकी उघडायची, वायरी ओढायच्या, एखादं दणदणीत गाणं लावून दाखवायचं आणि निघायचं, एवढीच त्यांची अपेक्षा असायची. कुणी सोफ्याकडे बोट दाखवलं की काका मान हलवायचे. सोफा पाहुण्यांचा असतो, असं त्यांचं म्हणणं. घरातलं माणूस कुठं बसतं ते भिंतीवरून कळतं. रोज डोकं टेकून टेकून जिथं तेलाचा डाग पडलेला असतो, ती त्याची जागा. काका तो डाग शोधून काढायचे, त्याच्याखाली मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि नंतर बराच वेळ काही म्हणजे काही करायचे नाहीत. घरातली बाई चहा ठेवून जायची, त्यावर साय धरायची, दारातली कोंबडी उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायची. मला ते आठवतात ते नेहमी असेच, कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी जागेवर, डोळे मिटून बसलेले. कितीतरी दुपारी एकमेकींत मिसळून त्यांची एकच लांबलचक दुपार झाली आहे.

त्यांचं नाव सांगत नाही. महाड-पोलादपूरकडच्या ज्या घरांत टीव्हीच्या आजूबाजूला आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे मिळून स्पीकरचे पाच काळे डबे लटकलेले आहेत, तिथल्या माणसांना ते न सांगताच कळेल. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. मी मुंबईत सिनेमाघरांना साउंड सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीत सात वर्षं काढून, आईची तब्येत बिघडली म्हणून गावी परतलो आणि त्यांच्याकडे कामाला लागलो. माझ्या पिशवीत आवाज मोजायचं मीटर होतं. त्याचा मला गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. काकांनी पहिल्याच दिवशी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ताप कुणाला हाय?"

पाच डब्यांचं गणित तसं सोपं आहे. तीन पुढे, दोन पाठीमागे. पाचांचा आवाज बसणाऱ्याच्या कानाशी सारखा पोचला पाहिजे. जवळच्याचा कमी करायचा, लांबच्याचा वाढवायचा. यालाच लेव्हल लावणं म्हणतात. अंतर मोजायला काका टेप असूनही सुतळी वापरायचे. तिला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं घामेजल्या बोटांतून फिरून ती काळी पडली होती. मधला डबा म्हणजे घरधनी, बोलणं त्याचं. आणि मागचे दोन म्हणजे पाठराखिणी. नवरीबरोबर सासरी जायचं, तिला एकटं वाटू द्यायचं नाही, पण नवरीपेक्षा जास्त नटायचं नाही. मागचा डबा कानाला वेगळा कळला की तो चुकला, असं ते सांगायचे. मी मुंबईत इंग्रजी पुस्तकांतून हेच शिकलो होतो, पण तिथं नवरी नव्हती.

तरुणपणी ते लग्नांना, सभांना कर्णे बांधायचे. पुढे तो धंदा सोडला, तरी खोड गेली नाही. मार्चमध्ये तळ्यावर गावोगावहून माणसं येतात तेव्हा ते दुकान बंद ठेवायचे आणि सकाळपासून गर्दीतून हळूहळू फिरत राहायचे. कुठं उभं राहिलं की भाषणातला शब्द न् शब्द कळतो, ती जागा ते हुडकत असायचे. सापडली की लांबून आलेल्या म्हाताऱ्या बायांना हाताला धरून तिथं आणून बसवायचे. एवढा प्रवास करून आल्यात, त्यांना नुसता गोंगाट ऐकून घरी पाठवायचं का, असं विचारायचे. त्या बायांना हा कोण माणूस हे ठाऊक नसायचं. बसल्या जागी त्या डोक्यावरचा पदर कानामागे सारून ऐकायच्या.

आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. या यंत्रात लेव्हल लावण्यासाठी एक आवाज दिलेला असतो. बटण दाबलं की तो शूऽऽ करत एकेका डब्यातून फिरतो. पुढे डावीकडून निघतो, मधून उजवीकडे जातो, मग पाठीमागे येतो. माझं मीटर त्याच्यावर चालायचं. काका तो लावूच द्यायचे नाहीत. त्याऐवजी ते घरातल्या माणसांना बोलायला लावायचे, ते मोबाइलवर टिपायचे आणि एकेका डब्यातून वाजवून कानाने लेव्हल लावायचे. माणसं काहीही बोलायची. कुणी पोलादपूरच्या एसटीच्या वेळा म्हणून दाखवायचं, कुणी माशाच्या कालवणाची कृती. दासगावच्या एका आजोबांनी आपल्या गेलेल्या बैलांची नावं एकामागून एक सांगितली होती. ती नावं त्या खोलीत चारी बाजूंनी फिरली, तेव्हा आजोबा वळून वळून पाहत होते. मला हे सगळं पोरखेळ वाटायचं, आणि तोंडावर तसं म्हणण्याइतका मी शहाणा होतो.

तेव्हा काकांनी मला एक गोष्ट सांगितली. गावात घराघरांत पाणी शिरलं त्या पुरानंतर वर्षभराने ते नदीकडच्या एका घरात काम करत होते. सगळं नवं होतं, भिंतींचा रंगसुद्धा. त्यांनी यंत्रातला तो आवाज लावला. शूऽऽ करत तो पुढून फिरला आणि पाठीमागे, मागच्या दाराच्या बाजूला आला. घरातली बाई भाकरी थापत होती. ती उठली, पिठाचा डबा उचलून तिने पोटमाळ्यावर ठेवला. मग शेगडी उचलली. मग पोरांची दप्तरं. नवऱ्याने हात धरला तेव्हा ती थांबली. काकांनी बटण कधीच बंद केलं होतं, तरी ती मागच्या दाराकडंच बघत होती.

"त्या दिवसापासून महाडातल्या घरात तो आवाज लावणार नाय," काका म्हणाले. "तुझ्या मीटरला सांग."

यानंतर मी वाद घातला नाही. पण मीटरवरचा विश्वासही सुटला नाही. कधी दुरुस्तीला एकटा गेलो आणि खोलीत कुणी नसलं, की मी तो आवाज अगदी बारीक लावून काकांचं काम तपासायचो. ते का, असं विचाराल तर त्याला चोरटेपणा हाच शब्द आहे. पहिल्या घरी मागचा डावा तीन डेसिबल जास्त निघाला. वाटलं, कुणीतरी बटण फिरवलं असेल. दुसऱ्या घरी तीन. तिसऱ्या घरी तीन. पुढचे तिन्ही डबे चोख, मागचा उजवा चोख, आणि मागचा डावा प्रत्येक घरात तीन जास्त. तिनाने काही आभाळ कोसळत नाही. पण दोन पाठराखिणींतली एक सतत जरा पुढेपुढे करते.

कारण कळायला मला फार डोकं लागलं नाही. पुढचे डबे लावताना काका त्या त्या डब्याकडे तोंड करून ऐकायचे, दोन्ही कानांनी. मागच्यांची वेळ आली की टीव्हीकडे तोंड करून, डोळे मिटून, मान न हलवता बसायचे. मग डावीकडचं डाव्या कानाला आणि उजवीकडचं उजव्या. पुरानंतर दुकानातला चिखल उपसता उपसता त्यांचा डावा कान फुटला होता आणि ते महिनाभर कापसाचा बोळा घालून फिरत होते, हे गावाला माहीत होतं. बोळा निघाला, तसं सगळे विसरले. बहुधा तेही.

मी गप्प राहिलो. काकांजवळ होतं काय? दुकान टीचभर. माल लोकांना मोबाइलवरून घरबसल्या स्वस्त मिळायचा. तरी लोक त्यांच्याकडे यायचे ते त्यांच्या कानासाठी. कुणाच्या घरात आवाजावरून भांडण झालं तर "काकांच्या कानाला विचारा" असं म्हणायची पद्धत होती. तो कान खोटा निघाला तर या माणसाचं काय उरतं, असा विचार माझ्या मनात यायचा आणि मी मीटर पिशवीच्या तळाशी सरकवायचो. असं तीन वर्षं चाललं.

मग पोलादपूरच्या पुढचं ते घर आलं. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की डावीकडे एक वाट वाडीत उतरते. तिथल्या एका मुंबईकराने नवं घर बांधलं होतं आणि गणपतीत सगळे भाऊबंद जमणार म्हणून त्याला होम थिएटर हवं होतं. काकांनी नेहमीसारखं सगळं केलं. डाग शोधायला भिंत नवी होती, म्हणून मालकाच्या वडिलांना विचारून त्यांच्या जागी बसले. लेव्हल लागली. मालकाने खिशातून मोबाइल काढला, त्यातल्या कुठल्याशा ॲपवर आवाज मोजला आणि फार अदबीने म्हणाला, "काका, लेफ्ट रिअर थोडा जास्ती येतोय. जरा ॲडजस्ट करून टाका ना."

काका पुन्हा बसले. डोळे मिटले. "सारखा हाय," ते म्हणाले.

मालकाने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. मी मध्ये पडलो. मोबाइलवरचं मोजमाप खरं नसतं, डावीकडे सलग भिंत आणि उजवीकडे खिडकी आहे, पडदे लागले की फरक जाईल, असं काहीबाही मी घडाघडा बोललो. सगळं खोटं. मुंबईत शिकलेले चार इंग्रजी शब्द पेरले, त्यामुळे ते पटलंही. काका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

गाडी मीच चालवायचो. काकांना गाडी चालवण्याची भारी हौस, पण मी कामाला लागल्या दिवशीच त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली होती आणि स्वतः डावीकडे बसू लागले होते. हा आपल्यावरचा विश्वास, असं समजून मी तेव्हा फुशारलो होतो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर काकांनी वर घाटाकडे हात केला. का ते विचारलं नाही. मी गाडी वळवली. दोनतीन वळणांवर एक धबधबा रस्त्याला खेटून पडतो. तिथं त्यांनी थांबायला सांगितलं.

धुकं उतरत होतं. समोरची दरी गेली, मग कठडा गेला, मग गाडीही अर्धी गेली. काका रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभे राहिले आणि जागच्या जागी हळूहळू फिरू लागले. पाण्याकडे तोंड, मग बाजू, मग पाठ, मग दुसरी बाजू. लहान मुलं फिरतात तसे, पण फार सावकाश. एका बाजूला आले की थांबायचे, दुसऱ्या बाजूला आले की जास्त थांबायचे. किती वेळ गेला कोण जाणे. त्या पांढऱ्यात फक्त पाण्याचा आवाज होता आणि फिरणारा हा माणूस.

"किती?" त्यांनी विचारलं. डोळे मिटलेलेच.

"तीन."

"कवापासून?"

"मी आलो तेव्हाही होतं."

"म्हंजे सगळ्या घरांत."

मी मान हलवली. त्यांना ती दिसणार नव्हती, म्हणून मला तोंडाने "हो" म्हणावं लागलं. आयुष्यात इतका जड शब्द मी दुसरा उच्चारला नसेल.

"तू उजव्या बाजूला बसलास की तुझं बोलणं बरं कळतं, एवढंच वाटायचं," ते म्हणाले. "म्हणून किल्ली दिली. कानाचं मनात आलं नाय. का येऊ दिलं नाय, देव जाणे."

आठ दिवस ते दुकानात येऊन बसायचे आणि सुतळीच्या गाठी मोजायचे. नवव्या दिवशी म्हणाले की आपण सगळ्या घरी जायचं. चुकलेला आवाज दुसऱ्याच्या घरात ठेवून मला बसवत नाही. कानाने आता होणार नाही, तेव्हा तुझं मीटर काढ. मी म्हटलं, मीटरला तो शूऽऽ लागतो. ते म्हणाले, तो नाही.

आमचं घोडं तिथंच अडलं. बोलण्यावर मीटरचा आकडा नुसता उड्या मारायचा. भजनातल्या पेटीचा एक सूर धरून पाहिला; खोलीत चार बोटं सरकलं की आकडा बदलायचा. एक दिवस त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. काकू पडवीत सुपात तांदूळ घोळवून खडे काढत होत्या. सळसळ, सळसळ, एका लयीत, कमी नाही की जास्त नाही. मी उष्ट्या हाताने मीटर काढलं. आकडा जागचा हलेना.

"काकू, थांबू नका," मी म्हटलं.

काकूंना वाटलं मला वेड लागलं. पण त्या थांबल्या नाहीत. हात भरून येईपर्यंत त्यांनी तांदूळ घोळवले, मी ते टिपून घेतले आणि पाच डब्यांतून एकामागून एक वाजतील असे बसवले. यंत्रातल्या आवाजाचं काम त्या सुपाने केलं. घराला ओळखीचा आवाज होता, एवढाच फरक.

मग आम्ही घरोघर फिरलो. गणपती गेले, भातकापणी आली, तरी फिरत होतो. प्रत्येक दारात काका आधी सांगायचे की माझ्याकडून चूक झाली होती. लोक म्हणायचे, आम्हाला तर काय कळलं नाय. याने काकांना बरं वाटायचं की वाईट, हे मला कधी समजलं नाही. मी आकडा सांगायचो, ते बटण फिरवायचे, आणि शेवटी त्या माणसाच्या जागी बसून डोळे मिटायचे. "आता मला उजवा जास्त वाटतो," म्हणायचे. "म्हंजे बरोबर झालं." पोलादपूरच्या मुंबईकराला तर त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं की तुमचं खरं होतं आणि आम्ही दोघं खोटे होतो.

नदीकडच्या त्या घरी मात्र आम्ही जवळजवळ शेवटी गेलो. बाई भांडी पुसत होत्या. सुपाचा आवाज पुढून फिरला, पाठीमागे गेला, मागच्या दाराच्या बाजूला आला. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून ऐकलं. काका बटणावर बोट ठेवून उभे होते.

"तांदळात खडे जास्त हायत वाटतं," बाई म्हणाल्या, आणि पुढचं भांडं घेतलं.

काका हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

शेवटचं घर त्यांचं स्वतःचं राहिलं. काकूंना मालिका बघायला त्यांनीच केव्हातरी बसवलेले पाच जुने डबे होते. सगळ्यांसारखंच हेही सरळ करून टाक, असं ते म्हणाले. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. इथं रोज कोण कुठं बसतं?

भिंतीवर शेजारी शेजारी दोन डाग होते. टीव्हीकडे तोंड करून बसलं की डावा काकांचा, उजवा काकूंचा. आणि डाव्याच्याही पलीकडे तिसरा, फिकट झालेला. तो कुणाचा म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या की आधी मी त्या बाजूला बसायचे. पुराच्या साली बाजू बदलली. तिकडून बोललेलं ह्यांना कळायचं नाय.

"मला सांगितलं नायस," काका म्हणाले.

"कळायला लागलं होतं ना. मग काय सांगायचं?"

मी मीटर पिशवीत टाकलं. काकांना त्यांच्या डागाखाली बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि काकूंचे तांदूळ मागच्या दोन्ही डब्यांतून एकदम लावले. मागचा डावा चढवत गेलो. तीन झाले. चार. कान आणखी उतरला होता; पाचावर काकांनी हात वर केला.

"मधोमध आलं," ते म्हणाले.

"मीटरला हे चालणार नाही," मी म्हटलं.

"मीटर हितं बसतंय का?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आपल्याच हाताची सळसळ ऐकत होत्या. काकांनी डोळे उघडले नाहीत. आवाज संपला, मी पुन्हा लावला. पुन्हा संपला, पुन्हा लावला. त्या दिवशी इतर कुठं जायचं नव्हतं.

काका गेल्याला आता दुसरी थंडी. दुकान मी चालवतो. सुतळी खुंटीला आहे. मी टेपच वापरतो, पण निघताना तिला हात लावून निघतो.

मध्यंतरी काकूंच्या टीव्हीचा आवाज गेला म्हणून गेलो होतो. उंदराने वायर कुरतडली होती, दहा मिनिटांचं काम. काकू आपल्या डागाखाली बसल्या होत्या, त्यांच्या डावीकडची जागा रिकामी होती. मालिका लागली, आणि मागचा डावा लगेच कानाला टोचला. माझ्या लक्षात आलं की तो पाचावरच आहे. दोन्ही कान चांगले असणाऱ्या माणसाने हा त्रास रोज कशाला सोसायचा? मी म्हटलं, काकू, डावा जरा खाली आणतो, आता सारखा करू.

"नको रे," काकू म्हणाल्या. त्या टीव्हीकडेच बघत होत्या. "ह्यांच्या बाजूनं जरा जास्त येतं. येऊ दे."